मिरवणुकीचे पाते : चिनी शोभेच्या दांडशस्त्रांची पारख

लांब दांड्याच्या टोकाशी पाते, अणी किंवा धातूचे एखादे चिन्ह बसवलेल्या शस्त्राला येथे दांडशस्त्र असे म्हटले आहे. भाला, बरची आणि लांब दांड्याचा परशू ही त्याच कुळातील परिचित रूपे होत. चीनमधून आलेले असे एखादे जुने, नक्षीदार शस्त्र संग्राहकाच्या किंवा वस्तुसंग्रहालयाच्या हाती येते तेव्हा ते रणांगणावर वापरले गेले होते काय, हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो, आणि उत्तर नकारार्थी आले की ती वस्तू ‘केवळ शोभेची’ ठरवून तिचा अभ्यास तेथेच थांबवला जातो. या पद्धतीत वस्तूवर अन्याय होतो, कारण चिनी समाजात दांडशस्त्रांचा मोठा भाग लढण्यासाठी घडवलाच जात नव्हता. तो सम्राटासमोर, न्यायाधिकाऱ्यापुढे, परीक्षकांच्या देखत किंवा देवाच्या दारी धरण्यासाठी घडवला जात होता, आणि या प्रत्येक ठिकाणचे कारागीर, धातू, मापे आणि संकेत वेगळे होते. म्हणून पारख करणाऱ्याने आधी शस्त्राच्या जागेचा शोध घ्यावा: ते कोणासमोर, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या खर्चाने उभे होते, हे कळले की त्याचे वय आणि मोल ठरवण्याची वाट मोकळी होते.

शोभेचे शस्त्र म्हणजे खऱ्या शस्त्राचे उत्तरकाळी ऱ्हास पावलेले रूप, ही समजूत चीनच्या बाबतीत पुराव्यापुढे टिकत नाही. यांगत्झी नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशात इ. स. पू. ३३०० ते २३०० या सुमारास नांदलेल्या ल्यांगझू संस्कृतीच्या थडग्यांत ‘युए’, म्हणजे रुंद पात्याची कुऱ्हाड, जेड या कठीण पाषाणाची केलेली सापडते. १९८६ मध्ये उत्खनन झालेल्या फानशान येथील एका थडग्यातील युएवर देवाची कोरीव आकृती आहे आणि तिच्या दांड्याच्या टोकांना जेडचीच टोपणे बसवलेली होती. महिनोन्‌महिने घासून गुळगुळीत केलेले असे पाते कोणी झाडावर किंवा माणसावर चालवण्यासाठी करत नाही. पुढे शांग राजवटीत, इ. स. पू. १२०० च्या सुमारास मृत्यू पावलेल्या फू हाओ या राणीच्या आन्यांग येथील थडग्यात (उत्खनन १९७६) कांशाचे जे मोठे युए मिळाले, त्यांतील एकाचे वजन सुमारे ९ किलो आहे. सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या या राणीच्या बाबतीत ते अधिकाराचे चिन्ह होते, हे त्या वजनावरूनच उमगते. थांग राजवटीत ‘जी’ या शस्त्राला हीच भूमिका मिळाली. जी म्हणजे सरळ अणी आणि तिच्या बाजूला आडवे पाते अशी जोड असलेले दांडशस्त्र. रणांगणावरचे त्याचे महत्त्व ओसरल्यावर ते उच्चपदस्थांच्या प्रवेशद्वारापाशी लाकडी घोडीवर ओळीने उभे केले जाऊ लागले आणि किती जी मांडायचे, ते पदानुसार ठरू लागले. इ. स. ७०६ मधील राजपुत्र यीदे याच्या थडग्यातील भित्तिचित्रांत अशा घोड्या स्पष्ट रंगवलेल्या आहेत. शस्त्राने कोणालाही इजा न करता दर्जा जाहीर करावा, ही कल्पना चीनमध्ये इतकी जुनी आहे.

आज बाजारात आणि संग्रहांत सर्वाधिक दिसणारे चिनी दांडशस्त्र मात्र जी किंवा युए नसून चंद्रकोरीसारख्या रुंद, वक्र पात्याचे असते. त्याचे ग्रंथांतील नाव ‘यानयुएदाओ’, आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव ‘ग्वानदाओ’, म्हणजे ग्वान यू याचे पाते. ग्वान यू हा हान राजवटीच्या अखेरच्या धामधुमीतील सेनानी इ. स. २२० च्या सुमारास मारला गेला. तिसऱ्या शतकातच चेन शौ याने लिहिलेल्या ‘सानगुओ झी’ या इतिहासात ग्वान यूने शत्रूच्या सेनापतीला गर्दीत घुसून भोसकल्याचे वर्णन आहे, आणि भोसकणे हे भाल्याचे काम आहे, वक्र पात्याचे नव्हे. चंद्रकोरी पात्याचे चित्र पुढे जवळजवळ आठ शतकांनी, सोंग राजवटीत १०४४ मध्ये सिद्ध झालेल्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या युद्धशास्त्रीय कोशात दिसते. ग्वान यूच्या हाती ते कायमचे दिले ते नाट्य, कथाकथन आणि लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीने. त्या कादंबरीत या पात्याचे वजन ८२ जिन सांगितले आहे. ‘जिन’ हे वजनाचे चिनी परिमाण काळानुसार बदलत गेले. हान काळात ते पाव किलोहून थोडे कमी होते, तर मिंग-छिंग काळात सुमारे ६०० ग्रॅम होते, त्यामुळे कादंबरीच्या वाचकाला ते पाते जवळजवळ ४९ किलोंचे वाटत असणार.

मिंग सरकारने १६१४ मध्ये ग्वान यूला ‘सम्राट’ या अर्थाची दैवी पदवी दिली, त्याची देवळे गावोगाव उभी राहिली, आणि व्यापारी, सैनिक, गुप्त मंडळ्या व दूरदेशी गेलेले मजूर अशा सर्वांनी त्याला प्रामाणिकपणाचा आणि दिलेल्या शब्दाचा रक्षक मानले. देवळात त्याची मूर्ती बहुधा बसलेली असते, आणि पाते उभे धरून बाजूला असतो तो झोउ त्सांग हा काळ्या चेहऱ्याचा सेवक. पाचव्या चांद्रमासाच्या तेराव्या दिवशी पडणारा पाऊस म्हणजे ग्वान यू पात्याला धार लावतो त्याचे पाणी, असे उत्तर चीनमधील शेतकरी मानत. एवढी श्रद्धा एका शस्त्राभोवती गोळा झाली असताना त्याच काळातील सैनिकी लेखकाचे मत वाचण्यासारखे आहे. माओ युआनयी याने १६२१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘वूबेइ झी’ या प्रचंड ग्रंथात यानयुएदाओ हे कवायतीत ताकद दाखवण्यासाठी असते आणि प्रत्यक्ष व्यूहात ते उपयोगी पडत नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिलेला आहे. मिंगनंतरच्या छिंग काळात हिरव्या निशाणाच्या पलटणींत, म्हणजे हान चिनी सैनिकांच्या स्थानिक दलांत, हे शस्त्र अधिकृतपणे होते, त्यामुळे माओचे मत सर्व काळांना लावता येत नाही; तरीही हे पाते दिसताच रणांगण डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या या चिनी लेखकाला विसरू नये.

ताकद दाखवण्याच्या या कामाला राज्याने परीक्षेचे रूप दिले होते. सम्राज्ञी वू झतियान हिच्या काळात, इ. स. ७०२ मध्ये, सैनिकी अधिकारी निवडण्यासाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि खंड पडत, रूप बदलत ती १९०१ पर्यंत चालली. छिंग काळात घोड्यावरून व जमिनीवरून तिरंदाजी झाल्यानंतर उमेदवाराला ताठ धनुष्य ओढणे, जड पाते फिरवणे आणि दगड उचलणे या तीन कसोट्या द्याव्या लागत. पात्यांच्या तीन श्रेणी होत्या, ८०, १०० आणि १२० जिन, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ४८, ६० आणि ७२ किलो. एवढे वजन छातीसमोर ठरलेल्या पद्धतीने फिरवण्यात मनगट, कंबर आणि श्वास यांची परीक्षा होत असे. धारेला येथे काहीच काम नव्हते. म्हणून परीक्षेचे पाते ओळखणे तुलनेने सोपे असते. त्याचा लोखंडी गाभा कमालीचा जाड असतो, धारेची कड सुरुवातीपासूनच बोथट असते, आणि दांडाही लोखंडाचा किंवा लोखंडाने मढवलेला असू शकतो. लढाईचे दांडशस्त्र तासन्‌तास हातात धरून पळायचे असल्याने त्याचे वजन थोड्याच किलोंचे असते. या दोहोंमधील दरी वजनकाट्यावर लगेच दिसते. अशा जड पात्याला ‘राक्षसी योद्ध्याचे शस्त्र’ म्हणून विकणारा विक्रेता एका नोकरशाही परीक्षेचे साधन विकत असतो, आणि खरे सांगायचे तर त्या परीक्षेचा इतिहास राक्षसाच्या कथेपेक्षा कितीतरी अधिक वाचनीय आहे.

राजवाड्यातील शस्त्रांचे शास्त्र याहून काटेकोर होते. सम्राट बाहेर पडे तेव्हा त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या छत्र, ध्वज, पंखे, वाद्ये आणि शस्त्रांच्या ताफ्याला ‘लूबू’ म्हणत. छियानलोंग सम्राटाने १७४८ मध्ये त्याचे प्रसंगानुसार चार प्रकार ठरवून दिले. पुढे ‘हुआंगचाओ लीची तूशी’ हा राजदरबाराच्या विधिसाहित्याचा सचित्र नियमग्रंथ १७५९ मध्ये संकलित झाला आणि १७६६ मध्ये सुधारला गेला. त्यात लूबूतील प्रत्येक वस्तूचे चित्र, माप आणि साहित्य दिलेले आहे. दांड्यावरचे सोनेरी टरबूज, त्याचे उभे आणि आडवे असे दोन प्रकार, सोनेरी युए, तारा, जी, बिबट्याचे शेपूट लावलेले भाले, असे हे साहित्य होते. यातील टरबुजे भरीव सोन्याची तर नव्हतीच, धातूचीही नव्हती. लाकूड कोरून त्यावर सोन्याचा मुलामा चढवलेला असे. राजवाड्यातील मूळ वस्तू असल्याचा दावा एखाद्या जड पितळी टरबुजाबद्दल केला गेला, तर नियमग्रंथाच्या एका पानाने तो फेटाळता येतो, आणि ती वस्तू बहुधा एखाद्या देवळाची ठरते. मापेही तशीच तपासावीत. नियमाबरहुकूम बनलेल्या वस्तूचे माप ‘ची’ या सुमारे ३२ सेंटिमीटरच्या चिनी फुटाच्या पूर्ण किंवा दशांश भागांत बसते, कारण कारागिराला नमुना दरबारातून मिळालेला असे.

राजवाड्याबाहेरही, जिल्हाधिकारी रस्त्याने निघाला की त्याच्यापुढे काशाच्या मोठ्या थाळ्या वाजत, ‘शांत राहा’ आणि ‘बाजूला व्हा’ अशा अर्थाचे लाल फलक धरले जात आणि पदाला शोभतील तेवढीच शस्त्रे मिरवली जात. भालदार-चोपदार आणि अब्दागिरी यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. देव हा अदृश्य जगातील अधिकारीच आहे, अशी चिनी लोकधर्माची धारणा असल्याने त्याची पालखी निघाली की तीच शिस्त त्यालाही लागू होई. फरक एवढाच की मानवी अधिकाऱ्याचे साहित्य १९११-१२ च्या क्रांतीनंतर निरुपयोगी झाले आणि देवाचे साहित्य आजही बनते. देवळातील संच जोडीजोडीने असतात व वेदीच्या दोन्ही बाजूंना घोडीवर उभे केलेले असतात. त्यांत चंद्रकोरी पाते, युए, जी आणि त्रिशूळ यांच्या जोडीला लेखणी धरलेली मूठ, ड्रॅगनचे मुख आणि कधी आठ अमर सिद्धांची चिन्हे, म्हणजे पंखा, तलवार, भोपळा, टाळ, फुलांची टोपली, बासरी, ढोल आणि कमळ, हीदेखील दांड्यावर बसवलेली असतात. बासरी आणि फुलांची टोपली हाती घेऊन कोणी लढत नाही. म्हणून यांतील एकही नग दिसला की बाकीच्या संचाचे कूळ तत्काळ समजते. या संचांसाठी कथील, पितळ, रंगवलेले लाकूड किंवा लोखंडी पत्रा यांतील जे परवडेल ते वापरले जाई, कारण खर्च बहुधा गावकरी, व्यापारी मंडळ किंवा नवस फेडणारे कुटुंब यांच्याकडून येई. संग्राहकांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेला आणि इतिहासकाराला सर्वाधिक देणारा वर्ग हाच आहे, कारण त्यावर दात्यांची नावे असतात.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळता येईल. ती पात्यापासून सुरू करावी. जुन्या चिनी लोहाराने कामाचे पाते केले असेल, तर कठीण पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन पाखांमध्ये घालून ती भट्टीत एकजीव केलेली असते, आणि धारेला पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून ती कठीण केलेली असते. तिरप्या उजेडात पाहिल्यास धारेलगत पोलाद व लोखंड यांची सीमारेषा दिसते. दुसरी खूण जाडीची आहे: घणाखाली ओढलेले पाते बुडाशी जाड असून टोकाकडे क्रमाने पातळ होत जाते, तर पत्र्यातून कापलेल्या पात्याची जाडी सर्वत्र सारखी भरते, आणि हा फरक कॅलिपरने म्हणजे जाडी मोजणाऱ्या चिमट्याने दोन मिनिटांत मोजता येतो. तिसरी खूण गंजाची. जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडात मळीचे बारीक तंतू शिल्लक राहतात, त्यामुळे ते गंजले की पृष्ठभागावर लाकडाच्या शिरांसारख्या रेघा उमटतात. कारखान्यात लाटलेल्या पोलादी पत्र्यावर अशा रेघा येत नाहीत, त्यावर खड्डे पडतात. आम्लात बुडवून आणलेला गंज भडक, भुरभुरीत आणि खाचांमध्येही सारखाच असतो, तर काळाने आलेला गंज गडद व घट्ट असून हात लागणाऱ्या जागी झिजून गुळगुळीत झालेला असतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. देवळाच्या पात्याला पाणी दिलेले नसणे हा दोष नव्हे, कारण ते कोणी द्यायला सांगितलेच नव्हते. त्यामुळे कठीण धारेचा अभाव वस्तूचा वर्ग सांगतो, तिचे वय सांगत नाही. त्याचप्रमाणे पात्यात पितळेचे सात ठिपके जडवलेले दिसले, तरी त्यांवरून सप्तर्षींच्या नक्षत्राचा संरक्षक अर्थ समजावा. काळ ठरवण्यास ते पुरेसे नाहीत.

पात्यापेक्षाही बोलका भाग असतो तो सांध्याचा. चंद्रकोरी पाते बहुधा ड्रॅगनच्या उघड्या जबड्यातून बाहेर पडते, आणि हा जबडा म्हणजे पितळेची ओतीव बांगडी असते. जुन्या ओतकामावर साचा काढल्यानंतर छिन्नी आणि कानस चालवून खवले, मिशा व दात एकेक उठवलेले असतात, म्हणून दोन खवले कधीही हुबेहूब सारखे नसतात. नव्या नकलेत साच्यातूनच आलेली मऊ, पुसट नक्षी, बुडबुड्यांची बारीक भोके आणि दोन साच्यांच्या जोडाची न घासलेली रेघ दिसते. पाते दांड्यात कसे गेले आहे, हेही पाहावे. त्याची शेपटी लाकडात खोल शिरून आडव्या खिळ्यांनी पक्की केलेली असेल, किंवा पात्याच्या बुडाशी घडवलेल्या नळीत दांडा ठोकलेला असेल, तर रचना पारंपरिक आहे; आटे पाडून स्क्रूने जोडलेले भाग असतील, तर ती वस्तू पाश्चात्त्य यंत्रसामग्री चीनमध्ये रुळल्यानंतरची, बहुधा विसाव्या शतकातील आहे. क्रोमियमचा आरशासारखा लेप १९२० च्या दशकानंतरच व्यवहारात आला, आणि ॲल्युमिनियमच्या ओतकामाला छिंग काळात जागा नाही. वाकवले की झंकारणारे कागदासारखे पातळ पाते असेल, तर ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वूशू या क्रीडाप्रकारातले साधन असते. शांघायमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या जिंगवू संस्थेपासून व्यायामासाठी शस्त्रे शिकवण्याची जी नागरी परंपरा वाढली, तिचे ते पुढचे रूप होय.

दांडा बदलला जाण्याची शक्यता सर्वांत अधिक, कारण लाकूड कुजते, वाळवी लागते, आणि जहाजातून पाठवताना दोन मीटर लांबीची वस्तू कापली जाते. कापणाऱ्या शस्त्राचा दांडा बहुधा किंचित लंबगोल असतो, म्हणजे धार कोणत्या दिशेला आहे ते न पाहता हाताला कळते. मिरवणुकीच्या शस्त्राला याची गरज नसल्याने तेथे गोल दांडा चालतो. त्यावरचा लाल थर चिनी लाखेचा असल्यास तो भारतातल्याप्रमाणे लाखेच्या किड्यांपासून आलेला नसतो, तर एका विशिष्ट झाडाच्या चिकाचा असतो, आणि त्यात हिंगूळ, म्हणजे पारा व गंधक यांचे लाल संयुग, मिसळलेले असते. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणाला थरात पारा सापडला तर ते पारंपरिक रंगद्रव्याशी जुळते, टायटॅनियम सापडले तर तो थर विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा आहे. गोंडा जांभळट भडक असेल तर कोळशाच्या डांबरापासून बनलेल्या, १८५६ नंतरच्या रंगांचा संशय घ्यावा. लाकडाचे कार्बन-मापन मात्र येथे फारसे कामाचे नाही, कारण साधारण १६५० नंतरच्या तीन शतकांत त्या पद्धतीची अंशांकन-रेषा इतकी नागमोडी आहे की एका मोजमापातून अनेक शक्य कालखंड निघतात. बुडाची शेंबी, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाला बसवलेले धातूचे टोपण, तपासायला अनेक जण विसरतात. लढाईच्या शस्त्रात ती पात्याच्या वजनाला तोल देते व जमिनीत रोवता येते, तर घोडीवर उभ्या राहणाऱ्या देवळाच्या शस्त्रात ती सपाट असून तळाशी गोल झिजलेली असते.

कोरीव लेख मिळाला तर निम्मे काम होते, पण तो वाचताना घाई करू नये. राजवटीचे वर्ष असेल तर रूपांतर सरळ आहे: ग्वांगशू सम्राटाचे पहिले वर्ष १८७५, म्हणून सव्विसावे वर्ष १९००. प्रजासत्ताकाची वर्षे १९१२ पासून मोजली जातात, म्हणून दहावे वर्ष १९२१. अडचण येते ती साठ वर्षांच्या चक्रातील नावांची. ‘गेंगझी’ असे नाव कोरलेले असेल, तर ते १८४०, १९०० आणि १९६० यांपैकी कोणतेही असू शकते, आणि निवड धातू व सांधा यांच्या पुराव्यावरच करावी लागते. आडव्या लेखाची जुनी दिशा उजवीकडून डावीकडे असे. १९५६ नंतर चीनमध्ये आणलेली सोपी केलेली चिन्हे लेखात असतील, तर वस्तू त्यानंतरची आहे. परंतु हाँगकाँग आणि तैवान येथे जुनी पूर्ण चिन्हे चालूच राहिल्यामुळे त्यांचे असणे प्राचीनत्वाचा पुरावा ठरत नाही. छियानलोंगचे नाव दिसले की अधिक सावध व्हावे, कारण आधीच्या सुवर्णकाळाबद्दलच्या आदरातून किंवा नफ्याच्या लोभातून ते नंतरच्या वस्तूंवर सर्रास घातले गेले. याउलट ‘अमुक गावच्या अमुक भक्ताने आदरपूर्वक अर्पण केले’ अशा आशयाचा, ओबडधोबड छिन्नीने कोरलेला लेख खोटा पाडण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो, आणि इतिहासाला त्याचा उपयोग सम्राटाच्या शिक्क्याहून अधिक होतो.

शेजारच्या देशांची शस्त्रे चिनी म्हणून खपण्याचा धोकाही कायम असतो. जपानी नागिनाताचे पाते सडपातळ असून त्याची लांब शेपटी दांड्यात घालून बांबूच्या एका खुंटीने अडकवलेली असते. कोरियातील चंद्रकोरी पाते १७९० च्या ‘मुयेदोबोथोंगजी’ या सचित्र शस्त्रग्रंथात नोंदलेले आहे आणि ते चिनी नमुन्याच्या फार जवळ जाते. सर्वांत अवघड आहे ते व्हिएतनाम, कारण तेथील ग्रामदेवळांत चिनी लूबूच्याच धर्तीचे संच लाल व सोनेरी लाखेच्या लाकडात बनत आले आहेत, आणि लेखही चिनी लिपीतच असू शकतो. तेथे गावाचे नाव आणि राजवटीचे नाव हेच निर्णायक ठरते.

वस्तूबरोबर सांगितली जाणारी कहाणी वेगळी तपासावी. ऑक्टोबर १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा लुटला आणि ब्रिटिशांनी तो जाळला. १९०० मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या व पुन्हा लूट झाली. या दुसऱ्या मोहिमेत भारतीय पलटणी मोठ्या संख्येने होत्या आणि मुंबई इलाख्याच्या सैन्यातील तुकड्यांनाही ‘चीन १९००’ हा सन्मान मिळाला, त्यामुळे भारतातील जुन्या लष्करी भोजनगृहांत आणि घराण्यांत चिनी शस्त्रे असणे अगदी शक्य कोटीतले आहे. पण त्याच दशकांत किनाऱ्यावरच्या बंदरांतून परदेशी प्रवाशांसाठी शोभेची शस्त्रे बनून विकलीही जात होती. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक केले व १८९१ पासून त्याचा अंमल सुरू झाला, म्हणून शेंबीच्या आत रोमन लिपीतला ‘चायना’ असा शिक्का दिसला तर ती वस्तू त्यानंतर विक्रीसाठी तयार झालेली समजावी, मग तिच्याबरोबर राजवाड्याच्या लुटीची कितीही रोमांचक कथा येवो.

भारतात अशा शस्त्रांचे खरे घर देवळेच आहेत. कोलकात्याच्या टिरेटा बाजार भागातील सी-इप मंदिरात मिरवणुकीची शस्त्रे घोडीवर उभी आहेत. मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोड परिसरात १९१९ मध्ये उभारलेल्या सी-यिप-कून मंदिरात ग्वान यूची पूजा होते. ही दोन्ही मंदिरे ग्वांगदोंग प्रांतातील चार शेजारी तालुक्यांतून समुद्रमार्गे बाहेर पडलेल्या लोकांची आहेत. गोदीत, जहाजांवर आणि सुतारकामात राबलेल्या या समाजाने आपला देव आणि त्याचे साहित्य सोबत आणले. परदेशांतील ग्वांगदोंगी मंदिरांच्या घंटांवर व धूपपात्रांवर फोशान शहरातील ओतशाळांची नावे आढळतात, त्यामुळे शस्त्रांच्या पितळी भागांचा शोधही त्याच दिशेने घेणे युक्त ठरेल. मुंबईतील हा समाज १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या अविश्वासात आणि नजरकैदांत विरळ होत गेला. जे उरले त्यांनी देवळे सांभाळली, याबद्दल अभ्यासकांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

वापरात असलेले शस्त्र दर नववर्षाला पुसले जाते, काही वर्षांनी रंगवले जाते, मोडलेला दांडा बदलला जातो आणि हरवलेल्या गोंड्याच्या जागी नवा बांधला जातो, आणि यातील कोणतीही गोष्ट देवाच्या दृष्टीने वस्तू अशुद्ध करत नाही. संग्राहक मात्र ते हाती पडताच पितळ घासून चकचकीत करतो आणि लाल रंग खरवडून ‘मूळ’ लाकूड उघडे पाडतो, तेव्हा दात्यांच्या दोन-तीन पिढ्यांचा लेखाजोखा एका दुपारी नष्ट होतो. हे नुकसान कोणत्याही दुरुस्तीने भरून येत नाही. गंज चालू असेल तर तो कोरड्या ब्रशने हलका करून वस्तू कमी आर्द्रतेत ठेवावी, आणि रंगाच्या थरांना हात लावण्याआधी कडेच्या एखाद्या तड्यातून त्यांचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा. नोंदपत्रात एकच तारीख लिहिण्याचा आग्रहही सोडावा लागतो: पाते ग्वांगशूच्या काळातले, पितळी जबडा त्याहून जुन्या एखाद्या नगाचा, दांडा १९५० नंतरचा आणि वरचा लाल थर मागच्या दशकातला, असे एकाच शस्त्राचे चार जन्म असू शकतात, आणि चारही स्वतंत्र ओळींत, प्रत्येकाच्या पुराव्यासह नोंदले गेले पाहिजेत.